पलूसची लाइन एंगेज आहे

सातारा, ११ जून १९९९

ती. नाना,

नमस्कार नंतर करीन. आधी भांडायचं आहे.

परवा फोन केला तेव्हा आईनं रिसीव्हर तुमच्या हातात दिला. मी विचारलं ते एवढंच: सिंगापूरच्या एका कंपनीनं मला दोन वर्षांसाठी बोलावलंय, दसरा झाला की हजर व्हायचंय, जाऊ का? या एका वाक्याची मी आठवडाभर तालीम केली होती. तुम्ही म्हणालात, "बरं बरं. आऊट." आणि फोन ठेवून दिलात.

दुसऱ्या कुणा मुलीच्या बापानं असं केलं असतं तर तिला वाटलं असतं, लाइन तुटली. मला तशी सोय नाही. तुम्ही उभी नोकरी फौजेच्या सिग्नल कोअरमध्ये काढलीत आणि जयराजला नि मला वायरलेसवरचं बोलणं शिकवूनच मोठं केलंत. आपलं सांगून झालं, आता तुझी पाळी, म्हणजे 'ओव्हर'. बोलणं मिटलं, उत्तर नको, म्हणजे 'आऊट'. जेवताना जयराज 'भाकरी, ओव्हर' म्हणायला विसरला की त्याच्या ताटात भाकरी पडायची नाही. तेव्हा 'आऊट'चा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

पाडव्याला मी कुंडलचं स्थळ नाकारलं. तेव्हापासून प्रत्येक फोनला हेच चाललंय. राग आला असेल तर रागवा, चार शिव्या द्या, तो तुमचा हक्क आहे. पण तोंडाला कुलूप लावून बसू नका. मला तुमचा निकाल हवा आहे, जा किंवा जाऊ नको. आईच्या तोंडून आलेला मी धरणार नाही. आणि तुम्ही बोलावल्याशिवाय पलूसला पाऊल टाकणार नाही. हट्ट कुणाचा घेतलाय ते तुम्हाला माहीत आहे.

या पत्राला उत्तर येणार नाही हेही मला ठाऊक आहे. फौजेतून तुमचं पत्र असं कधी घरी आलं नाही, तारा यायच्या. 'पोचलो. ठीक. आकाराम.' आई त्या देवाच्या फडताळात ठेवायची. मला तारेएवढं उत्तर चालेल.

नमस्कार उत्तर आल्यावर.

अंकिता


सातारा, ३ जुलै १९९९

ती. नाना,

फोनचा नाद मी सोडला. का सोडला ते विचारू नका. पलूसच्या एक्स्चेंजचा आवाज हल्ली फार खरखरतो, असं समजा. आई स्टँडजवळच्या बूथवरून माझ्याशी बोलली. काय बोलली ते तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली आहे तिनं, आणि मी शपथ मोडत नाही. अजून तरी.

राग उतरला आहे. आता नवीन खूळ चढलं आहे.

मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी मला एक पुस्तिका लिहायला सांगितली आहे. घरात इंटरनेट घ्यायचं तर कुठले शब्द कळायला हवेत, ते अगदी नवख्या माणसाला मराठीत सांगायचं. साताऱ्यातली निम्मी माणसं इंटरनेट म्हणजे नव्या तऱ्हेचा टीव्ही समजतात आणि उरलेली निम्मी थोतांड. मी पानं लिहीन तशी तुम्हाला पाठवीन. तुम्ही उस्ताद होतात, रंगरुटांच्या वह्या तपासल्यात, या तपासा. क्लासातलं एक जुनं यंत्र बदलायला काढलंय, ते मी मागून घेतलंय. जयराज कोयनानगरहून सुट्टीला येईल तेव्हा पलूसला आणून जोडेल. नको म्हणू नका. तुम्ही नको म्हटलंत तरी तो जोडणार आहे.

हे पहिलं पान.

दोन यंत्रं तारेनं जोडली आणि ती एकमेकांशी बोलायला लागली की झालं नेटवर्क. आमच्या क्लासातल्या एका खोलीतली सगळी यंत्रं अशी जोडलेली आहेत, ते घरगुती नेटवर्क. गावोगावची, देशोदेशीची असली नेटवर्कं एकमेकांत जोडली की त्याला म्हणायचं इंटरनेट.

आता आपल्या घरातून तिथं जायचं कसं? टेलिफोनच्या तारेवरून. पण कॉम्प्युटरला फक्त आकडे कळतात आणि ती तार आवाज वाहून नेण्यासाठी घातलेली असते. म्हणून मध्ये एक डबी लागते, तिला मोडेम म्हणतात. ती आकड्यांचे आवाज करते आणि आलेल्या आवाजांचे परत आकडे. नाना, मोर्सच्या बटणावर तुमचं बोट शब्दांची कट्ट-कड करायचं आणि पलीकडच्याचा कान त्या कट्ट-कडचे शब्द करायचा. तेच बोट आणि तोच कान एका डबीत घातले की मोडेम.

फोन आपण थेट इंटरनेटला लावत नाही. सांगलीत इंटरनेट पुरवणाऱ्यांचं केंद्र आहे, तिथं लावायचा, ते पुढं जोडून देतात. कृष्णेचं पाणी आपण घागरीनं मळ्यात नेत नाही, पाणीसंस्थेच्या पाइपातून घेतो, तसंच. पाइप जेवढा रुंद तेवढं पाणी, त्या रुंदीला बँडविड्थ म्हणतात. आपल्या टेलिफोनचा पाइप अर्ध्या इंचाचा आहे. चित्र उतरायला चहा करून पिण्याइतका वेळ लागतो, अक्षरं मात्र भराभर येतात. आपल्याला अक्षरंच हवी आहेत.

नमस्कार अजून बाकी.

अंकिता


सातारा, २५ जुलै १९९९

ती. नाना,

पाकीट मिळालं. आत माझंच पान, सोबत चिठ्ठी नाही की चपाटी नाही, सगळीकडे लाल पेन्सिल. मी ते पान क्लासात सगळ्यांना दाखवलं. सर म्हणाले, "अहो, तुमचे वडील आहेत की परीक्षक?" म्हटलं, दोन्ही.

मोडेमपाशी तुम्ही लिहिलंत, 'दोन्ही टोकांना लागतो. लिहिलं नाहीस.' खरंय, घातलं. 'घागरीनं' खाली रेघ मारून 'नेत होतो. ७२ च्या दुष्काळात,' असं लिहिलंत. ते पुस्तिकेत घालणार नाही, पण मी हसले. आणि जिथं मी 'पलीकडच्याचा कान' म्हटलंय, तिथं 'कान' या शब्दाभोवती नुसता गोल. चूकही नाही, बरोबरही नाही. तो गोल मी बराच वेळ बघत बसले.

तळाशी एक प्रश्न आहे: 'पलीकडचा सेटवर नसला तर निरोप जातो कुठं?'

नाना, सबंध क्लासात आजवर एकानं हा प्रश्न विचारला नाही. त्याचं उत्तर हेच आजचं पान.

तुमच्या वायरलेसवर पलीकडचा माणूस जागा नसला की निरोप हवेत गेला. इथं तसं होत नाही. इंटरनेटवर काही यंत्रं अशी असतात की ती कधीच बंद करत नाहीत. त्यांना सर्व्हर म्हणतात. तुमच्या सिग्नल सेंटरमध्ये भिंतीला लाकडी खणांची फळी असायची, ज्या पलटणीचा निरोप तिच्या खणात पडून राहायचा, असं तुम्हीच सांगितलंय. तसा सर्व्हरवर तुमच्या नावाचा एक खण. मी लिहिलेलं त्यात पडतं. तुम्ही जेवत असा, मळ्यात असा, रुसून बसलेले असा, ते तिथंच थांबतं.

जातं कसं, तेही सांगते. सबंध निरोप एकदम जात नाही. त्याचे तुकडे करतात, प्रत्येकावर पत्ता आणि कितवा तुकडा ते घालतात, आणि देतात सोडून. त्या तुकड्याला पॅकेट म्हणायचं. आपल्या जयराजच्या लग्नाचं वऱ्हाड आठवा. कुणी जीपनं, कुणी एस.टी.नं, नानासो मामा किर्लोस्करवाडीहून रेल्वेनं. वाट प्रत्येकाची वेगळी, पण सगळे मांडवात जमले आणि मग ओळीनं बसले. कोण राहिलं ते मोजून त्याला परत बोलावणं धाडलं. इथंही हरवलेला तुकडा परत मागवतात. आणि आपण जोडलेले असतो तेवढा वेळ आपल्या यंत्राला एक नंबर मिळतो, तो आय.पी. पत्ता. एस.टी.तल्या सीटसारखा असतो तो. उतरलात की दुसऱ्याचा.

सिंगापूरचा कागद टेबलावर आहे. त्यांना होकार कळवायचा आहे आणि मी तुमच्या एका शब्दासाठी थांबले आहे. लाल पेन्सिलनं लिहिलात तरी चालेल.

नमस्कार बाकीच.

अंकिता


सातारा, १६ ऑगस्ट १९९९

ती. नाना,

या वेळचं पान कोरंच परत आलं. प्रश्न नाही, चूक नाही. 'जा' नाही आणि 'जाऊ नको'ही नाही. म्हणून आज शपथ मोडते.

आई त्या दिवशी बूथवरून ओरडून बोलत होती. घरात तुमच्याशी बोलते तशी, सवयीनं. म्हणाली, "आगं, त्येंला ऐकू येत न्हाई. डावा कान कवाच गेला, उजवा बी जायला लागलाय. तू फोनवर काय म्हंतीस त्ये त्येंला कळतच न्हाई, मग म्हंत्यात बरं बरं आन् ठेवत्यात. पोरीला सांगशील तर बग, म्हनलेत मला."

म्हणजे पाडव्यापासून तुम्ही माझं एकही वाक्य ऐकलेलं नाही. आणि मी इथं बसून एकेक 'आऊट' मनात साठवत होते. त्या दिवशी शिकवता शिकवता मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि किती वेळ वळलेच नाही. मुलांना वाटलं, बाई काहीतरी लिहिणार आहेत.

तुम्हाला रागीट म्हणवून घेणं चालतं, बहिरा म्हणवून घेणं चालत नाही. मला कळतं ते. बर्फाच्या वादळात, नुसत्या खरखरीतून तुम्ही निरोप उचलायचात, म्हणून साहेब लोक तुम्हाला 'कान' म्हणूनच हाक मारायचे. आईनं हे इतक्या वेळा सांगितलंय की मला ते स्वतः बघितल्यासारखं वाटतं. त्याच कानांनी दगा दिला हे कुणाला सांगायचं? पण मी कुणी नाही, नाना. मी तुमची मुलगी आहे. माझ्यापासून लपवलंत याचा मला राग आहे आणि तो मी सोडणार नाही.

आता कामाचं. उद्या परदेशी गेले तर फोन आपल्या उपयोगाचा नाही आणि पत्राला पंधरवडा लागेल. ई-मेलला कान लागत नाहीत. डोळे आणि बोटं लागतात, ती तुमची धडधाकट आहेत. जयराज यंत्र जोडून गेलाय. सोबतच्या चिठ्ठीवर तुमचा ई-मेलचा पत्ता लिहिलाय. त्यात मधे जो वेटोळ्यातला 'ए' आहे, त्याच्या आधीचं ते तुमचं नाव आणि नंतरचं ते तुमच्या खणाचं गाव. पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द, तो जयराजनं तुम्हालाच घालायला लावला, फार बरं केलं. पण हा पहाऱ्यावरचा परवलीचा शब्द नाही. रोज सूर्यास्ताला बदलायचा नाही!

मोडेम जोडताना किंचाळतो. ऐकू आलं नाही तर त्याच्या दिव्यांकडे बघा, लुकलुकायचे थांबून स्थिर झाले की जोडले गेलात. अक्षरं इंग्रजी उमटतील, मराठी अजून धड जमत नाही. तुमचं काय अडलंय? मोर्स तरी कुठं मोडीत होती?

मी पहिला निरोप आजच टाकते आहे. प्रश्न जुनाच आहे.

अंकिता


सातारा, २ सप्टेंबर १९९९

ती. नाना,

हे काय चालवलंय तुम्ही?

मी ई-मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. म्हटलं यंत्र बिघडलं, घरी फोन लावला. एंगेज. दुपारी लावला, एंगेज. जयराजनं कोयनेहून लावला, एंगेज. शेवटी आईच बूथवरून बोलली आणि मला सगळं रामायण कळलं.

"सकाळधरनं बसल्यात त्या पेटीम्होरं," म्हणाली. "पाठ ताठ, हातात पेन्शिल, म्होरं वही. चा बी तितंच, जेवान बी तितंच. कुनाची वाट बघताय म्हनलं, तर म्हंत्यात ड्यूटीवर हाय. आन् फोन आडकलाय तो आडकलाय! गल्लीतल्या समद्यांचं फोन आपल्याच नंबरावर येत्यात. दगडाबाईची लेक कराडात बाळतीन झाली, त्यांला निरोपच न्हाई मिळाला. ती दारात यून वराडली, आवं भावजी, आमी आजी झालो त्ये आमाला पेपरात वाचायचं व्हय? ह्यांनी तिला हातानंच खुनवलं, गप बस, लाइन चालू हाय."

नाना, हसावं की रडावं मला कळेना. चूक माझी आहे, पानात मी हे लिहिलंच नाही. आणि ही चूक सबंध महाराष्ट्रात एक सिग्नलवालाच करू शकतो. तुम्ही सेट चालू केलात आणि कान लावून बसलात. पलीकडचा बोलेल, आपण उचलू. जन्मभर तेच केलंत, सेट सोडून उठलात तर कोर्ट मार्शल. पण हा सेट आपणहून बोलत नाही. निरोप तुमच्या खणात येऊन पडलेत. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलात आणि खण उघडायला कुणाला सांगितलंच नाहीत.

वरच्या ओळीत पाकिटाचं चित्र आहे, खाली 'सेंड अँड रिसीव्ह' लिहिलंय. ते दाबायचं. त्याचा अर्थ, माझं घेऊन जा आणि माझं असेल ते मला दे. हे मागितलं की मिळतं. मागितलं नाही तर निरोप वर्षभर सर्व्हरवर बसून राहील आणि तुम्ही वर्षभर खुर्चीवर. निरोप आले की लाइन सोडायची. त्याला डिस्कनेक्ट म्हणतात. तुमचा खण जागेवरच राहतो, कुणी उचलून नेत नाही. मग वाचा सावकाश, उत्तर लिहा, परत जोडा, परत दाबा. आणि मधल्या वेळात दगडाबाईच्या लेकीचा फोन येऊ द्या!

आपल्या दोघांचंही हेच झालं. तुम्ही ऐकू येत नाही हे सांगितलं नाहीत आणि काय म्हणालीस ते परत विचारलंही नाहीत. मी विचारलं नाही की तुम्ही सारखे आऊट का म्हणता. दोघं सेटवर बसून राहिलो, लाइन अडवून.

सिंगापूरवाल्यांना मी पंधरा तारखेपर्यंत कळवते म्हटलंय. त्याहून पुढं ते थांबणार नाहीत. तुम्ही जाऊ नको म्हणालात तर मी भांडेन, फार भांडेन, पण जाणार नाही. जा म्हणालात तर जाईन. काहीच म्हणाला नाहीत तर मात्र मला माफ करणं जमणार नाही. पाकिटाचं चित्र दाबा, नाना.

अंकिता


सातारा, ११ सप्टेंबर १९९९

ती. नाना,

हे पत्र टपालात टाकत नाही. मीच घेऊन येते आहे.

काल संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी पाकिटाचं चित्र दाबलं. गेले काही दिवस रोज दाबत होते, येत नव्हतं काही. काल आलं. सगळी इंग्रजी मोठी अक्षरं, मधे कुठं ओळ सोडलेली नाही, तारेसारखं. मराठीत लिहून काढलं, ते असं:

'अंकिता. निरोप मिळाले. सगळे. कान गेले. राग नव्हता. स्थळाचाही नव्हता. जा. आधी गणपतीला घरी ये. मागावं लागतं हे पहिल्या पानावर घाल. ओव्हर.'

सर अजून तिथंच होते. त्यांना वाटलं, घरी काहीतरी वाईट झालं. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "शेवटी ओव्हर का लिहिलंय?" मी म्हटलं, मला गणपतीची सुट्टी हवी.

पुस्तिकेचं पहिलं पान बदललं आहे. मोडेम आता दुसऱ्या पानावर गेला. सिंगापूरला होकार सकाळीच पाठवला, तुमच्या 'जा'खाली.

कराडपर्यंतची गाडी मिळाली आहे, तिथून पुढं जी मिळेल ती. दारात आल्यावर मी काही बोलणार नाही. हा कागद तुमच्या हातात देईन आणि तुम्ही तो शेवटपर्यंत वाचेपर्यंत उभी राहीन. आईला म्हणावं, मधे ओरडू नको. मग जूनपासून राहिलेला नमस्कार करीन, पाया पडून.

आणि आता हे वाचून झालं असेल, तर कागद खाली ठेवा आणि माझ्याशी बोला. तोंडानं बोला, मोठ्यानं, हवं तेवढं. तुम्हाला ऐकू येत नसलं तरी मला येतं.

ओव्हर.

अंकिता